फोन कंपनीची गाडी : शाओमीला जमलं ते अॅपलला का नाही?

सर्किट
दुसऱ्या एका धाग्यावर वाद चालला होता की फोन बनवणाऱ्यांनी गाड्यांच्या फंदात पडू नये. तिथे अवांतर होईल म्हणून वेगळा धागा काढतोय.

ज्यांनी हे प्रकरण फारसं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने शाओमीला चिनी लष्कराशी संबंधित कंपन्यांच्या यादीत टाकलं. कंपनीचे संस्थापक लेइ जुन यांनी नंतर एका भाषणात सांगितलं की त्याच दिवशी तातडीची बैठक झाली आणि एका संचालकाने विचारलं, उद्या फोन बनवणंच बंद पाडलं तर एवढ्या माणसांचं काय करायचं? गाडीची कल्पना त्या बैठकीत पुढे आली. बरोबर ७५ दिवसांनी, ३० मार्च २०२१ ला, दहा वर्षांत १० अब्ज डॉलर गुंतवायची घोषणा झाली. 'हा माझा शेवटचा मोठा उद्योग' असंही लेइ म्हणाले. गंमत म्हणजे मे महिन्यात अमेरिकेने त्यांना यादीतून काढलंसुद्धा, पण तोवर गाडी डोक्यात शिरली होती.

२८ मार्च २०२४ ला एसयू-७ बाजारात आली. किंमत २,१५,९०० युआनपासून, म्हणजे टेस्लाच्या मॉडेल ३ पेक्षा ३० हजार युआनने कमी. २७ मिनिटांत ५० हजार ऑर्डरी. आणि याच्या जेमतेम महिनाभर आधी अॅपलने दहा वर्षं चालवलेला गाडीचा प्रकल्प गुंडाळल्याची बातमी आली होती. जवळजवळ दोन हजार माणसं त्यावर काम करत होती.

माझं मत सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स ही जुन्या वाहन कंपन्यांची शंभर वर्षांची पुंजी. विजेच्या गाडीत तीच बाद होते. उरतं काय? बॅटरी, मोटर, चिपा, पडदा, सॉफ्टवेअर. मोटर सोडली तर हे सगळं फोनवाल्यांच्या घरचंच. त्यामुळे शाओमीला जमलं याचं मला नवल नाही, अॅपलला जमलं नाही याचं आहे.

शंकासूर
मोटर सोडली तर, म्हणे! मग व्हॅक्यूम क्लीनरवाल्या डायसनचं काय? त्यांची तर खासियतच मोटर. २०१७ मध्ये विजेची गाडी काढतोय म्हणून जाहीर केलं, सिंगापूरला कारखाना काढणार होते, सात जणांची गाडी बनवून चालवूनही पाहिली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद. जेम्स डायसन यांच्या स्वतःच्या खिशातले ५० कोटी पौंड गेले. गाडी वाईट होती असं कुणीच म्हणालं नाही. प्रत्येक गाडी दीड लाख पौंडांना विकली तरच खर्च निघणार होता, एवढंच.

तेव्हा 'घरचंच सामान' हे काही पटत नाही. सामान सगळ्यांकडे असतं, भाजी सगळ्यांची होत नाही.

सर्किट
डायसनचा मुद्दा मान्य, पण त्यांच्यामागे शाओमीसारखं गिऱ्हाईक नव्हतं. महागडा व्हॅक्यूम क्लीनर घेणारे किती आणि शाओमीचा फोन वापरणारे किती?

लोखंडी
वाचतो होतो, आता राहवत नाही. विजेच्या गाडीला 'चार चाकांवरचा फोन' असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला एकदा ओतकामाच्या विभागात दिवसभर उभं करायला हवं. (माझी सगळी नोकरी अॅल्युमिनियमच्या ओतकामात गेली, म्हणून चिडतो.)

सर्किट, तुमच्या यादीत गाडीच नाही! बॅटरी-मोटर-चिपा-पडदा म्हणजे गाडीच्या आतलं सामान. गाडी म्हणजे सांगाडा, दारं, सस्पेन्शन, ब्रेक, काचा, रबरी पट्ट्या, आणि हे सगळं उणे वीस अंशात आणि चाळीस अंशात, खड्ड्यांतून, दहा-बारा वर्षं न करकरता टिकणं. फोन हातातून पडला तर काच जाते. गाडी आदळली तर आतली माणसं वाचली पाहिजेत. यातलं काहीही फोनच्या कारखान्यात शिकायला मिळत नाही.

आणि शाओमीला हे कळलं होतं, म्हणून तर त्यांना जमलं. एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? हे लोक वर्षानुवर्षं फोन बहुतांशी दुसऱ्यांच्या कारखान्यांतून करून घेत आले. गाडीसाठी मात्र बीजिंगच्या यिजुआंग भागात स्वतःचा कारखाना उभारला. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दीड लाख गाड्या, पूर्ण वेगात दर ७६ सेकंदांना एक गाडी. माणसंही वाहनधंद्यातलीच आणली. गाडीचा चेहरामोहरा ठरवणारे ली तियानयुआन आधी बीएमडब्ल्यूत होते.

त्या कारखान्यात ९,१०० टनांचं दाबओतकामाचं यंत्र आहे. पूर्वी गाडीचा मागचा तळ पत्र्याचे तुकडे वेल्ड करून जोडायचे. इथे ७२ भागांच्या जागी एकच ओतीव तुकडा निघतो, ८४० वेल्ड वाचतात असं कंपनी सांगते. ऐकायला छान वाटतं. पण एवढ्या मोठ्या साच्यात वितळलेला धातू क्षणार्धात सगळीकडे सारखा पोचला पाहिजे, कुठे हवा अडकता कामा नये, निवताना वाकता कामा नये. त्यासाठी मिश्रधातूही त्यांनी स्वतःचा तयार केला. मागून ठोकर बसली तर अख्खा तुकडा बदलायचा का, हा विमा कंपन्यांचा नेहमीचा प्रश्न. शाओमीचं म्हणणं, ठोकर झेलणारा भाग वेगळा ठेवलाय, तेवढाच बदलता येतो.

अजून एक. चीनमध्ये पैसे आणि कारखाना आहे म्हणून कुणालाही गाडी विकता येत नाही, उत्पादनाचा परवाना लागतो. पहिल्या एसयू-७ सरकारदरबारी बीजिंगच्या सरकारी वाहन कंपनी बीएआयसीच्या परवान्यावर नोंदल्या होत्या, म्हणून गाडीच्या पाठीवर 'बीजिंग शाओमी' अशी अक्षरं होती. स्वतःचा परवाना जुलै २०२४ मध्ये मिळाला आणि 'बीजिंग' गेलं. अॅपलच्या वाटेत तर कारखान्याचाच धोंडा होता. कारखाना स्वतःचा काढायचा नाही, आणि दुसऱ्याकडून फोनसारखं गुमान करून घ्यायचं, तर वाहन कंपनी कशाला ऐकेल? २०२१ च्या जानेवारीत ह्युंदाईशी बोलणी चालल्याची बातमी फुटली आणि महिन्याभरात ह्युंदाईने 'बोलणी चालू नाहीत' म्हणून शेअर बाजाराला कळवलं.

शंकासूर
लोखंडी, जबरदस्त प्रतिसाद. वेगळा लेखच लिहा. ('वाचतो होतो' मात्र दुरुस्त करा.)

लोखंडी
वाचत होतो. झालं समाधान? संपादनाची मुदत गेली.

मागच्या_सीटवरून
मी कामासाठी दीडेक वर्ष शांघायमध्ये होते, २०२४-२५ मध्ये. टीममधल्या एकाने एसयू-७ घेतली होती आणि मी तिच्यातून रोज यायचे-जायचे. त्यामुळे तांत्रिक काही नाही, जे दिसलं ते सांगते.

त्याने गाडी मॉलमध्ये घेतली. म्हणजे शोरूम मॉलमध्ये, आणि त्याच दुकानात फोन, राइस कुकर, हवा शुद्ध करायचं यंत्र, सुटकेस, सगळं. तो आणि बायको कुकर बघायला गेले होते (असं तो सांगतो, बायको वेगळं सांगते). घरातले दिवे, एसी, दाराचं कुलूप, सगळं शाओमीचं, एकाच अॅपवर. गाडी घराजवळ आली की घरातला एसी आपोआप सुरू. मला हे सुरुवातीला चैनीचं वाटलं, जुलैमध्ये नाही वाटलं.

बुकिंग करताना त्याने ५ हजार युआन भरले, सात दिवसांत परत घेता येतात. सात दिवसांनी ऑर्डर पक्की होते, मग वाट बघत बसा. त्याला चार महिने लागले. नंतर आलेल्या शाओमीच्या दुसऱ्या गाडीला, वाययू-७ ला, तर तीन मिनिटांत दोन लाख ऑर्डरी आल्या आणि लोकांना वर्षभरापलीकडच्या तारखा मिळाल्या. पक्क्या झालेल्या ऑर्डरी चढ्या भावाने विकायला निघाल्या होत्या, सिनेमाच्या तिकिटांसारख्या.

आणखी एक मजा. गाडीत मधोमध मोठा पडदा, बटणं फारशी नाहीत. मग ज्यांना बटणं हवीत त्यांच्यासाठी पडद्याखाली चुंबकाने चिकटणारी बटणांची पट्टी, वेगळी विकत. मागच्या सीटसमोर टॅब्लेट अडकवायची सोय, आणि तिथे आयपॅडही चालतो! अॅपलची गाडी आली नाही, पण अॅपलवाल्यांची गैरसोय नको.

सर्किट
हेच म्हणत होतो मी. गाडी एकटी विकली जात नाही, सगळा गोतावळा विकला जातो. लेइ जुन यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की हार्डवेअरवर निव्वळ नफा ५ टक्क्यांवर जाऊ देणार नाही. म्हणजे वस्तू स्वस्तात द्यायची, माणूस एकदा आत आला की बाहेर पडत नाही.

ताळेबंद
सर्किट, इथे थांबा. तो ५ टक्क्यांचा शब्द फोन आणि घरगुती वस्तूंबद्दलचा होता. त्यावरून 'गाडी तोट्यात विकतात' असं एक पिल्लू इंटरनेटवर सोडून दिलंय, ते खरं नाही, किंवा अर्धंच खरं आहे.

आकडा येतो तो असा. २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत २७,३०७ गाड्या दिल्या, गाडीच्या धंद्यात तोटा १.८ अब्ज युआन. भागाकार केला की दर गाडीमागे सुमारे ६६ हजार युआन तोटा. झाले मथळे! पण त्याच तिमाहीत गाड्यांवरचा ढोबळ नफा १५.४ टक्के होता. म्हणजे गाडी बनवायला लागणाऱ्या खर्चापेक्षा ती महागच विकली जात होती. तोटा होता तो संशोधन, दुकानं, पगार, पुढच्या मॉडेलची तयारी यांचा, आणि तो तेव्हा जेमतेम २७ हजार गाड्यांवर वाटला जात होता. गाड्या वाढल्या तसा तो पातळ होत गेला. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत एक लाखावर गाड्या गेल्या आणि या धंद्यात पहिल्यांदा नफा दिसला, सुमारे ७० कोटी युआन. घोषणेपासून साडेचार वर्षांत. जुन्या जाणत्यांना विचारा हे किती लवकर आहे.

अर्थात यात सरकारी सवलतीचा हात आहेच. विजेच्या गाडीवर खरेदीकर पूर्ण माफ होता, २०२६ पासून तो निम्मा लागू झाला. ज्यांची गाडी वाट बघण्यातच पुढच्या वर्षात जाणार होती त्यांच्यापैकी नोव्हेंबरअखेर ऑर्डर पक्की करणाऱ्यांचा फरक आम्ही भरू, असं शाओमीने जाहीर केलं. म्हणजे ती लांबलचक प्रतीक्षा यादी, जिचा सगळे कौतुकाने उल्लेख करतात, ती एका क्षणी कंपनीच्या अंगावर आली.

बिनतारी
उशिरा येतेय धाग्यावर. मी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे लोखंडींच्या उलट बाजूने बोलते.

फोनवाल्यांकडून गाडीत काय आलं, याबद्दल तुम्ही सगळे चांगलंच बोलताय. आमच्या धंद्याची एक सवयही सोबत गेली आहे. 'आधी पाठवू, मग अपडेट देऊ.' आम्ही हे रोज करतो. कॅमेऱ्याचा रंग बिघडला, पुढच्या मंगळवारी दुरुस्ती. वापरणारा चार शिव्या देतो आणि विसरतो. गाडीत ही सवय कशी दिसते ते २०२५ च्या वसंतात लागोपाठ दिसलं.

आधी हलकं उदाहरण. एसयू-७ अल्ट्रा, १,५४८ अश्वशक्तीची, ५,२९,९०० युआनची. मे महिन्यात एक अपडेट आलं आणि गाडीची ताकद ९०० अश्वशक्तीवर आली. पूर्ण ताकद हवी असेल तर आधी शर्यतीच्या ट्रॅकवर ठरलेल्या वेळेत फेरी मारून दाखवा! हेतू सुरक्षिततेचा असेल, माझी काही तक्रार नाही, रस्त्यावर कुणालाच एवढी ताकद नको. पण लोकांनी पैसे १,५४८ चे मोजले होते. आरडाओरडा झाला, अपडेट मागे घेतलं. त्याच सुमाराला कार्बन फायबरच्या बॉनेटचं प्रकरण. ४२ हजार युआन जादा देऊन घेतलेल्या बॉनेटवर हवेसाठी दोन झरोके. मालकांनी उघडून तपासलं तर त्यातून हवा म्हणण्यासारखी खेळतच नव्हती. कंपनीने 'माहिती स्पष्ट दिली नाही' म्हणून माफी मागितली, आणि भरपाई काय, तर अॅपमधले २० हजार पॉइंट. पॉइंट! हे अगदी आमच्याकडचं आहे. फोनच्या ग्राहकाला असंच गप्प करतात.

आता जड उदाहरण. २९ मार्च २०२५, आन्हुई प्रांतातला महामार्ग. एसयू-७ ची मूळ आवृत्ती, रात्रीची वेळ, सहायक चालन (गाडी स्वतः चालते, पण लक्ष माणसाने ठेवायचं) चालू, वेग ताशी ११६. पुढे दुरुस्तीसाठी मार्गिका बंद केलेली. गाडीने अडथळा ओळखून इशारा दिला, चालवणारीने ताबा घेतला, आणि ताशी ९७ च्या वेगाने गाडी काँक्रीटच्या दुभाजकावर आदळली. इशारा ते धडक यांत दोन ते चार सेकंद. तीन तरुण मुली गेल्या.

दोन सेकंदांत माणूस काय करू शकतो? आमच्याकडे या गोष्टीला 'वापरकर्त्याला सूचना दाखवली' असं म्हणतात आणि काम पूर्ण झाल्याची खूण करतात.

सप्टेंबरमध्ये १,१६,८८७ गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला, महामार्गावरचं सहायक चालन काही टोकाच्या परिस्थितीत नीट ओळखत-सावध करत नाही म्हणून. एकही गाडी कारखान्यात गेली नाही, दुरुस्ती फोनसारखी इंटरनेटवरून, अपडेटने झाली. आता सांगा, हे चांगलं की वाईट? मला अजून ठरवता येत नाही. एक लाख लोकांच्या गाड्या एका रात्रीत सुधारल्या, जुन्या कंपनीला वर्ष लागलं असतं. पण इतकं स्वस्तात सुधारता येतं म्हणूनच आधी अपुरं पाठवायचा मोह होतो, हेही मी आतून बघितलंय.

सर्किट
+१. माझ्या मूळ पोस्टमध्ये सॉफ्टवेअर नुसतंच जमेच्या बाजूला टाकलं होतं. ते तसं नाही.

शंकासूर
पण बिनतारी, यात फोन कंपनीचा काय दोष? सहायक चालनाच्या जाहिराती सगळेच तशा करत होते, 'हात सोडा, डुलकी काढा' छापाच्या. एप्रिलमध्ये चीनच्या उद्योग मंत्रालयाने सगळ्यांनाच बोलावून तंबी दिली, जाहिरातीत 'स्वयंचलित' वगैरे शब्द वापरायचे नाहीत.

बिनतारी
दोष फक्त त्यांचा नाही, बरोबर. पण मूळ आवृत्तीत लायडार (लेझरने पुढचं अंतर मोजणारा सेन्सर) नव्हता, तो वरच्या आवृत्त्यांना होता. फोनमध्ये असं चालतं, स्वस्त मॉडेलला एक कॅमेरा कमी. गाडीत 'स्वस्त मॉडेलला एक डोळा कमी' असं म्हणून बघा.

लोखंडी
हे वाक्य लिहून ठेवतो.

सगळ्याच फोनवाल्यांनी हीच वाट धरली असं नाही, तेवढं नोंदवतो. ह्वावे 'आम्ही गाड्या बनवत नाही' असं सांगत राहिली. सेरेससारख्या वाहन कंपनीने गाडी बनवायची, ह्वावेने मेंदू द्यायचा आणि आपल्या दुकानांतून विकायची. बीवायडी तर मुळात १९९५ ची बॅटरी कंपनी, मोटोरोला-नोकियाला बॅटऱ्या पुरवायची. २००३ मध्ये तिने शिआनमधली एक डबघाईची वाहन कंपनी विकत घेतली तेव्हा गुंतवणूकदार भडकले होते. आणि सॅमसंग विसरू नका, १९९८ मध्ये त्यांची पहिली गाडी आली, नेमकी आशियाई आर्थिक संकटात, २००० मध्ये रेनोला विकून मोकळे झाले. तेव्हा इंजिनच होतं हो, सर्किट, त्यामुळे तुमचा सिद्धांत वाचला.

ताळेबंद
फोर्डचे प्रमुख जिम फार्ली यांचं राहिलं. त्यांनी एसयू-७ विमानाने शांघायहून शिकागोला आणवून सहा महिने चालवली आणि २०२४ मध्ये जाहीर सांगितलं की मला ती सोडवत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या मालाला असं प्रमाणपत्र मी तरी दुसरं पाहिलं नाही.

शंकासूर
जाता जाता, दारांचा विषय कुणीच काढला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये चेंगडूत एसयू-७ अल्ट्रा आदळून पेटली, लोक धावून आले, काचेवर बुक्क्या मारल्या, दार उघडेना. चालक गेला. गाडीची वीज गेली की बाहेरचं हँडल हे नुसतं नक्षीकाम.

लोखंडी
हो. आणि हा केवळ शाओमीचा प्रश्न नाही, टेस्लापासून सगळ्यांनी चपटी, लपलेली हँडलं केली. चीनने आता नियम केलाय, १ जानेवारी २०२७ पासून नव्याने मंजुरी घेणाऱ्या मॉडेलांच्या दारांना आतून आणि बाहेरून यांत्रिक खटका हवाच. तार, स्प्रिंग आणि खटका. सगळ्या गाडीतला सर्वांत स्वस्त भाग असेल कदाचित, आणि त्याला अपडेट लागत नाही.

मागच्या_सीटवरून
शंकासूर यांचा प्रतिसाद वाचून त्या सहकाऱ्याला मेसेज केला. मी दीड वर्ष मागे बसले, पण वीज गेल्यावर मागचं दार आतून कुठून उघडायचं हे मला माहीत नव्हतं, कधी विचारलंही नव्हतं. तो म्हणाला, थांब. दहा मिनिटांनी फोटो आला. खाली पार्किंगमध्ये जाऊन, मोबाईलचा टॉर्च लावून शोधावा लागला त्यालाही.